रोबोट वेल्डिंग आणि पॉवर सोर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं रोबोटवरच्या मॅग वेल्डिंगबद्दल (वितळत जाणारी तार आणि गॅस वापरून होणारं आर्क वेल्डिंग) आहेत: माइल्ड स्टील, १.२ मि.मी. ईआर ७० एस-६ तार, ८०% आर्गॉन आणि २०% कार्बन डायऑक्साइडचा गॅस. चाकण, वाळूज, भोसरीच्या वाहनभागांच्या कारखान्यांत अनेक सेल (रोबोट, पॉवर सोर्स आणि फिक्स्चर मिळून झालेली वेल्डिंगची जागा) याच प्रकारचे असतात. अॅल्युमिनियम आणि टिग (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या कांडीने होणारं वेल्डिंग) यांचे नियम वेगळे आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न १६ आणि १७ पाहा. शॉपमध्ये 'जॉब' हा शब्द वेल्ड करायच्या भागासाठीही वापरतात आणि पॉवर सोर्समधल्या सेटिंगच्या क्रमांकासाठीही. इथे भागाला 'जॉब' आणि सेटिंगला 'जॉब नंबर' म्हटलं आहे. आर्कला वीज देणाऱ्या पॉवर सोर्सलाच 'मशीन' म्हटलं आहे.

१. वेल्डिंग नेमकं कोण करतं, रोबोट की पॉवर सोर्स?

दोघांपैकी कुणालाच पूर्ण वेल्ड माहीत नसतो. रोबोट टॉर्चची (जिच्यातून तार आणि गॅस बाहेर येतो) जागा, कोन आणि पुढे सरकण्याचा वेग सांभाळतो. पॉवर सोर्स आणि वायर फीडर तार, व्होल्टेज आणि गॅस सांभाळतात. जाड किंवा बारीक वेल्ड, खोल किंवा उथळ वितळण हे सगळं या दोघांच्या गुणोत्तरातून ठरतं. म्हणून 'रोबोट बिघडला' किंवा 'मशीन बिघडलं' असं ठरवण्याआधी दोघांच्या मधल्या गोष्टी तपासाव्यात: सिग्नलची वेळ, केबल, अर्थिंग, लाइनर (तार ज्यातून सरकते ती नळी) आणि टिप (टॉर्चच्या टोकाचा तुकडा, जिथे तारेला करंट मिळतो). दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

२. करंट वाढवायचा आहे, पण पेंडंटवर (रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनलवर) करंटचा आकडाच नाही. कुठे सेट करायचा?

मॅगमध्ये पॉवर सोर्स स्थिर व्होल्टेजवर चालतो. व्होल्टेज आर्कची लांबी ठरवतं आणि तारेचा वेग करंट ठरवतो. जास्त तार आली की ती वितळवायला मशीन आपोआप जास्त करंट देतं. १.२ मि.मी. तारेला १५ मि.मी. स्टिकआउट (टिपच्या बाहेर आलेली तारेची लांबी) असताना ५.५ मी./मिनिटाला साधारण २०० अँपिअर आणि ७ ते ७.५ मी./मिनिटाला २५० च्या आसपास करंट मिळतो. पेंडंटवर करंटचा आकडा भरता येत असेल, तरी आतमध्ये त्याचं रूपांतर तारेच्या वेगातच होत असतं.

सिनर्जिक मशीनमध्ये तारेचा वेग दिला की जुळणारं व्होल्टेज मशीन स्वतः निवडतं, तुम्ही फक्त ट्रिम वर-खाली करून आर्कची लांबी बदलता. सिनर्जिक लाइन निवडताना तारेचा व्यास, तारेचा प्रकार आणि गॅस हे तिन्ही खरे असायला हवेत. गॅस ८०/२० आणि लाइन शुद्ध कार्बन डायऑक्साइडची, अशी चूक झाली तर मशीन कसलाही फॉल्ट दाखवत नाही. आर्क मात्र गरजेपेक्षा लांब आणि बेचैन राहतो.

करंट अचानक कमी दिसायला लागला तर आधी स्टिकआउट मोजा. टिप जॉबपासून दूर गेली की तारेचा प्रतिरोध वाढतो आणि तारेचा वेग तोच असूनही करंट घसरतो.

३. रोबोटचा कंट्रोलर पॉवर सोर्सशी बोलतो कसा?

दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत सुटे डिजिटल सिग्नल असतात (वेल्ड स्टार्ट, गॅस, तार पुढे, तार मागे आणि उलट दिशेने आर्क डिटेक्ट, फॉल्ट, वायर स्टिक). त्यांच्या जोडीला दोन अॅनालॉग सिग्नल असतात, बहुधा ०-१० व्होल्टचे: एक तारेच्या वेगासाठी, दुसरा व्होल्टेज किंवा ट्रिमसाठी. नव्या पद्धतीत डिव्हाइसनेट, इथरनेट आयपी, प्रोफिनेट किंवा इथरकॅट अशा औद्योगिक नेटवर्कच्या एकाच केबलवरून सगळं जातं आणि खरा करंट, खरं व्होल्टेज, फीडर मोटरचा करंट हेही परत मिळतं.

अॅनालॉग पद्धतीत सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे स्केलिंग. मशीनला १० व्होल्ट म्हणजे २० मी./मिनिट आणि रोबोटच्या सेटिंगमध्ये १० व्होल्ट म्हणजे २२, असं असेल तर पेंडंटवर ७ दिसतं आणि तार ६.४ नेच येते. हे कसं पकडायचं ते प्रश्न ८ मध्ये आहे. अॅनालॉगच्या तारा वेल्डिंग केबलच्या बंडलमधून नेऊ नका. शील्ड असलेली केबल वापरा आणि शील्ड एकाच टोकाला जोडा.

४. आर्क लागताना आणि संपताना नक्की काय क्रमाने घडतं?

रोबोट सुरुवातीच्या बिंदूवर पोचून थांबतो. गॅस ०.२ ते ०.५ सेकंद आधी सुटतो. वेल्ड स्टार्ट मिळताच तार हळू वेगाने पुढे येते, याला रन-इन म्हणतात. तार जॉबला टेकते, करंट वाहू लागतो आणि मशीन 'आर्क डिटेक्ट' पाठवतं. हा सिग्नल मिळाल्याशिवाय रोबोट हलत नाही. ठरलेल्या वेळात सिग्नल आला नाही तर 'आर्क स्टार्ट फेल' दिसतं.

संपताना उलट क्रम असतो. रोबोट शेवटच्या बिंदूवर थांबतो, करंट उतरवून क्रेटर (वेल्डच्या टोकाला राहणारा खड्डा) ०.३ ते ०.५ सेकंद भरला जातो. मग तार थांबते, पण आर्क क्षणभर चालू ठेवून तारेचं टोक मागे वितळवलं जातं (बर्नबॅक). पोस्टफ्लोचा (आर्क विझल्यानंतर सोडला जाणारा) गॅस चालू असतानाच मशीन तारेवर छोटं व्होल्टेज देऊन ती जॉबला चिकटली आहे का हे बघतं. चिकटली असेल तर रोबोट जागचा हलत नाही, आणि हलायलाही नको, नाहीतर टॉर्चची मान वाकते.

यातल्या वेळा लहान वाटतात, पण मोजून बघा. ६० सें.मी./मिनिट म्हणजे सेकंदाला १० मि.मी. सिग्नल ०.२ सेकंद उशिरा पोचला तर २ मि.मी. वेल्डचा हिशेब चुकला. तोच सेल एका दिवशी सुरुवातीला ढीग करतो आणि दुसऱ्या दिवशी भोक पाडतो, तर अशाच विलंबांची बेरीज बघावी.

५. 'आर्क स्टार्ट फेल' दर शिफ्टला दहा-दहा वेळा येतं. मशीन बदलायचं का?

नाही. या क्रमाने बघा.

तारेचं टोक: मागच्या वेल्डनंतर टोकाला मोठा गोळा राहिला असेल तर पुढचा आर्क नीट लागत नाही. बर्नबॅक कमी करा (प्रश्न १२), किंवा सुरुवातीआधी वायर कटरवर तार कापा.

सुरुवातीची जागा: आधीच्या वेल्डवर राहिलेली काचेसारखी तपकिरी स्लॅग वीज वाहू देत नाही. नवा वेल्ड जुन्याच्या टोकावर सुरू होत असेल तर सुरुवात ३-४ मि.मी. सरकवा.

रन-इन: फार वेगात असेल तर तार जॉबवर आपटून तुटते, तुकडे उडतात आणि आर्क पेटत-विझत राहतो.

टिप आणि अर्थिंग: टिपचं भोक लांबट झालं की तारेला करंट एकाच ठिकाणी मिळत नाही. अर्थिंगसाठी प्रश्न ७.

बहुतेक कंट्रोलरमध्ये 'स्क्रॅच स्टार्ट' असतो, म्हणजे आर्क नाही लागला तर टॉर्च थोडी सरकवून पुन्हा प्रयत्न. तो जरूर चालू ठेवा, पण रोज तो किती वेळा चालतो याची नोंद ठेवा. नोंद नसेल तर बिघाड त्याच्या मागे लपून वाढत राहतो.

६. मशीनच्या मीटरवर २८ व्होल्ट, पण आर्क २६ सारखा आखूड. मीटर खोटं बोलतंय का?

मीटर त्याच्या जागेवरचं खरं सांगतंय. मशीनच्या टर्मिनलवरून आर्कपर्यंत जाताना केबलमध्ये व्होल्टेज गळतं. ७० चौ.मि.मी. तांब्याच्या केबलचा प्रतिरोध मीटरला साधारण ०.२५ मिलिओहम असतो. जाणारी १० आणि येणारी १० अशी २० मीटर केबल धरली तर ५ मिलिओहम, आणि ३०० अँपिअरला १.५ व्होल्ट गेले. ५० चौ.मि.मी. ची केबल असेल तर २ व्होल्टच्या वर. ढिल्या लग (केबलच्या टोकाच्या जोडण्या) आणि जळक्या जोडांचं नुकसान याच्या वेगळं.

यावर उपाय व्होल्टेज सेन्स लीडचा. प्लस बाजूची सेन्स वायर फीडरपाशी आणि मायनस बाजूची जॉबपाशी जोडली की मशीन गळती वगळून आर्कचंच व्होल्टेज बघतं. पल्स वेल्डिंगमध्ये (करंट झटक्याझटक्याने दिला जातो त्यात) हे न केल्यास सगळी सेटिंग डळमळीत राहते. सेन्स वायर तुटली तर काही मशीन फॉल्ट देतात, काही गुपचूप टर्मिनलचं व्होल्टेज वापरू लागतात. तुमचं मशीन काय करतं हे मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

उरलेली केबल गुंडाळून स्टँडला टांगण्याची सवयही सोडा. गुंडाळीमुळे इंडक्टन्स वाढतो आणि करंट हवा तितक्या झटकन चढत-उतरत नाही. पल्सला तो झटका लागतोच. जाणारी आणि येणारी केबल शेजारी-शेजारी न्या आणि जादा लांबी कापून टाका.

७. अर्थिंग फिक्स्चरच्या (जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्याच्या) टेबलाला दिलं तर चालेल ना?

टेबल पक्कं असेल आणि जॉब त्यावर स्वच्छ जागी टेकत असेल तर चालेल. पोझिशनर (जॉब वळवणारं टेबल) फिरणारा असेल तर चालणार नाही. स्थिर भागाला अर्थ जोडला की करंट बेअरिंग आणि गिअरमधून वाट काढतो, रोलरवर खड्डे पडतात आणि काही महिन्यांत पोझिशनर आवाज करायला लागतो. फिरत्या भागाला कार्बन-तांब्याच्या ब्रशचा किंवा तयार रोटरी अर्थचा वेगळा रस्ता द्यावा. ब्रशची झीज मेंटेनन्सच्या यादीत लिहून ठेवा.

रोबोटच्या अंगातूनही करंट जाता कामा नये. टॉर्च मनगटापासून आणि फीडर तिसऱ्या अॅक्सिसवरच्या ब्रॅकेटपासून इन्सुलेट असतो. तारेला प्लस असल्यामुळे तारेचा ड्रम आणि ड्रमपासून फीडरपर्यंतची तारही 'जिवंत' असते, त्यामुळे तार कुठेही लोखंडाला घासू नये. तपासणी सोपी आहे: मशीन बंद करून मल्टिमीटरचं एक टोक टिपला आणि दुसरं रोबोटच्या फ्लँजला लावा, कंटिन्युइटी मिळायला नको. पाण्याने थंड होणाऱ्या टॉर्चमध्ये कूलंटमुळे थोडं रीडिंग येतं, ते वेगळं. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावू नका, इलेक्ट्रॉनिक्स जळेल.

८. फिलेटचा (दोन भागांच्या कोपऱ्यात भरलेल्या त्रिकोणी वेल्डचा) आकार कधी ५.५ तर कधी ५ मि.मी. येतो. रोबोटचा वेग तोच आहे. का?

हिशेब करून बघू. १.२ मि.मी. तारेचं क्षेत्रफळ १.१३ चौ.मि.मी. तार ७ मी./मिनिट म्हणजे मिनिटाला सुमारे ७,९०० घ.मि.मी. धातू. रोबोट ५० सें.मी./मिनिट चालतो, म्हणून ७,९०० भागिले ५००, म्हणजे सुमारे १५.८ चौ.मि.मी. छेद. काटकोनी फिलेटचा पाय म्हणजे या आकड्याच्या दुपटीचं वर्गमूळ: ५.६ मि.मी. वेल्डचा फुगीरपणा आणि स्पॅटर (आर्कमधून उडणारे धातूचे थेंब) वजा जाता ५.५ च्या आसपास.

आता तार ७ ऐवजी ६.४ ने आली तर छेद ८-९% घटतो, पण पाय ५.६ वरून फक्त ५.४ होतो. वर्गमूळामुळे तारेतली बरीच मोठी चूक पायाच्या मापात लहान दिसते. म्हणूनच गेजने पाय मोजत बसण्यापेक्षा तार मोजा. फीड रोल तारेवर दाबलेले ठेवून, वेल्डिंगच्याच वेगाने १० सेकंद तार सोडा, कापा, टेपने मोजा आणि ६ ने गुणा. इंचिंगचं (आर्क न लावता तार सोडायचं) बटण वेगळ्याच वेगाने तार सोडत असेल तर हा प्रयोग फसतो, तेवढं आधी बघा.

पेंडंट, मशीन आणि टेप हे तिन्ही आकडे जुळायला हवेत. पेंडंट आणि मशीन जुळत नसतील तर स्केलिंग (प्रश्न ३). मशीन आणि टेप जुळत नसतील तर तार घसरतेय: रोलची खोबण १.२ चीच आहे का, दाब पुरेसा आहे का, लाइनर चोंदला आहे का. दाब बेताचा ठेवा. तारेचं टोक तिरकं धरलेल्या लाकडावर टेकवलं तर तार वळून पुढे जात राहायला हवी, पण पूर्ण अडवली तर रोल घसरायला हवेत. दाब जास्त झाला तर तार चपटी होते आणि तांब्याचा भुगा लाइनरमध्ये भरतो. फीडर मोटरचा करंट दिसत असेल तर नवा लाइनर टाकल्या दिवशी तो लिहून ठेवा. तो सतत चढत गेला की लाइनरचे दिवस भरले.

९. टिप बदलली की वेल्ड सांध्यावरून सरकतो. सगळे बिंदू पुन्हा शिकवायचे का?

बिंदूंना हात लावू नका. रोबोटच्या दृष्टीने टॉर्चचं टोक (टीसीपी) जिथे आहे आणि तार प्रत्यक्षात जिथून बाहेर येते, त्यांत फरक पडला आहे. सेलमध्ये एक टोकदार खूण पक्की करा आणि त्यावर येऊन थांबणारा छोटा प्रोग्रॅम ठेवा. टिप बदलल्यावर किंवा टॉर्च धडकल्यावर तो चालवा. तारेचं टोक खुणेवर आलं नाही तर आधी मान सरळ करा, मग गरज असेल तरच टीसीपी बदला. बिंदू बदलले तर मूळ चूक प्रत्येक प्रोग्रॅममध्ये कायमची शिरते.

ड्रममधून आलेल्या तारेला स्वतःचा बाक असतो. जुन्या, झिजलेल्या टिपमध्ये तो बाक दिसतो, नव्या टिपमध्ये दबतो. म्हणून टिप ठरावीक आर्क-वेळेनंतर बदला, ती 'खराब' होण्याची वाट पाहू नका.

१०. मध्येच पिनहोल (वेल्डमधली बारीक छिद्रं) येतात. गॅस तर १८ लिटरवर आहे.

१८ लिटर रेग्युलेटरवर आहे, नोझलवर नाही. नोझलला रोटामीटर (गॅसचा प्रवाह मोजणारी नळी) लावून मोजा. तिथे १५ ते २० लिटर/मिनिट हवं. कमी असेल तर होज किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. नोझलमध्ये स्पॅटर साचला असेल तर प्रवाह पुरेसा असूनही गॅस एका बाजूला फेकला जातो, मग टॉर्च क्लीनरवर रीमिंगची (नोझल आतून खरवडून साफ करण्याची) वारंवारता वाढवा. उन्हाळ्यात ऑपरेटरसाठी लावलेला पंखा आणि पावसाळ्यात दमट हवेत अर्धवट उघडा राहिलेला तारेचा ड्रम, ही दोन कारणं पिनहोल येणाऱ्या महिन्यावरूनच ओळखता येतात.

११. स्पॅटर कमी करायला पल्स मशीन घेतलं, तरी स्पॅटर येतोच. का?

गॅस बघा. साध्या पल्समध्ये प्रत्येक झटक्याला एक थेंब सुटतो, पण त्यासाठी आर्गॉनचं प्रमाण जास्त लागतं. कार्बन डायऑक्साइड २०% च्या वर गेला की थेंब नीट सुटत नाही आणि शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये हा खेळ जमतच नाही. पल्स नसलेल्या मशीनमध्येही खरा स्प्रे आर्क ८०/२० मध्ये १.२ मि.मी. तारेला साधारण २५० अँपिअरच्या आसपास सुरू होतो. त्याच्या जरा खालची १८०-२४० ची पट्टी सर्वांत घाण: ना शॉर्ट सर्किट (तार टेकून थेंब सोडते), ना स्प्रे (बारीक थेंबांचा सतत फवारा). पल्सचा खरा उपयोग याच पट्टीत आहे. गॅस बरोबर असेल तर केबल आणि सेन्स लीड तपासा (प्रश्न ६).

१२. वेल्ड संपताना तार चिकटते, किंवा टिपला वितळून बसते.

दोन्ही एकाच सेटिंगची दोन टोकं आहेत. बर्नबॅक कमी पडला तर तार वितळलेल्या धातूत चिकटते, जास्त झाला तर आर्क टिपपर्यंत चढतो. ०.०१ ते ०.०२ सेकंदाच्या पायऱ्यांनी बदला. वेल्ड संपल्यावर १० ते १५ मि.मी. तार बाहेर आणि टोकाला तारेपेक्षा किंचित मोठा गोळा, हे बरोबर.

१३. ५०० अँपिअरचं मशीन ४०० वर चालवतो, तरी ओव्हरहीट का होतं?

प्लेटवर '५०० अँपिअर, ६०%' असेल तर त्याचा अर्थ दहा मिनिटांतली सहा मिनिटं, तेही ४० अंश तापमानाला. सतत चालण्यासाठीचा करंट म्हणजे ५०० गुणिले ०.६ चं वर्गमूळ: ३८७ अँपिअर. हाताने वेल्ड करणारा माणूस मध्ये थांबतो. दोन स्टेशनचा रोबोट जवळजवळ थांबतच नाही, म्हणून रोबोटसाठी मशीन घेताना १००% चाच आकडा विचारा. विदर्भात मे महिन्यात शेडमधलं तापमान ४० च्या पुढे जातं, तिथे याच्याही खाली राहा. टॉर्चलाही असाच ड्यूटी सायकल (दहा मिनिटांत किती वेळ चालवायचं याची मर्यादा) असतो, आणि तो बहुधा कार्बन डायऑक्साइडसाठी लिहिलेला असतो. आर्गॉन मिश्रणात टॉर्च जास्त तापते.

१४. सीम ट्रॅकिंग (वेल्ड चालू असताना सांधा शोधत जाणं) चालू केलं की टॉर्च भलतीकडेच जाते. सेन्सर खराब आहे का?

आर्कमधून होणाऱ्या ट्रॅकिंगला वेगळा सेन्सर नसतोच. टॉर्च डावी-उजवी झुलते, भिंतीजवळ गेली की स्टिकआउट कमी होऊन करंट वाढतो, आणि दोन्ही बाजूंच्या करंटची तुलना करून रोबोट मध्य शोधतो. म्हणजे करंटमधला चढउतार हीच त्याची नजर.

आता मेख इथे आहे. काही आधुनिक मशीनमध्ये वितळण एकसारखी राहावी म्हणून करंट स्थिर ठेवण्याची सोय असते: स्टिकआउट बदलला की मशीन तारेचा वेग बदलून करंट जागेवर आणतं. ती सोय चालू असेल तर रोबोटला हवा असलेला चढउतारच पुसला जातो आणि तो आंधळा होतो. दोन्ही सोयी आपापल्या जागी उत्तम, पण एकाच वेल्डवर दोन्ही चालू ठेवू नका. पातळ पत्र्याच्या लॅप जॉइंटवरही (एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांचा सांधा) हे ट्रॅकिंग जमत नाही, कारण वरच्या पत्र्याची कड वितळून जाते आणि भिंतच उरत नाही. तिथे टच सेन्सिंग किंवा लेझर कॅमेरा लागतो.

टच सेन्सिंगमध्ये तारेवर व्होल्टेज देऊन जॉबला स्पर्श केला जातो. आधी तार ठरलेल्या लांबीला कापलेली हवी, नाहीतर जितकी तार जास्त तितकी मोजणी चुकते. गंज, तेल किंवा मिल स्केल (रोलिंगमध्ये पोलादावर आलेली काळी पापुद्री) असेल तर स्पर्श होऊनही सिग्नल उशिरा येतो.

१५. एकाच जॉबवर दोन रोबोट एकदम वेल्ड करतात. एकटे असताना ठीक, दोन्ही चालू झाले की बिघडतात.

सामाईक अर्थिंग शोधा. दोघांचा परतीचा करंट एकाच केबलमधून जात असेल तर एकाच्या करंटमुळे पडलेलं व्होल्टेज दुसऱ्याच्या सेन्स लीडला दिसतं आणि त्याचं मशीन उगाच दुरुस्ती करत बसतं. दोघांच्या अर्थ केबल स्वतंत्र आणि थेट जॉबपर्यंत न्या. मायनसच्या सेन्स वायर दुसऱ्याच्या करंटच्या वाटेत येणार नाहीत अशा जागी जोडा. दोन्ही आर्क अगदी जवळ असतील तर चुंबकीय ओढही असते, वेल्डचा क्रम बदलून त्यांच्यात अंतर पाडा.

१६. याच सेलवर अॅल्युमिनियम करता येईल का?

पॉवर सोर्समध्ये पल्स आणि अॅल्युमिनियमची सिनर्जिक लाइन असेल तर येईल, पण तारेचा सगळा मार्ग बदलावा लागतो. 'व्ही' ऐवजी 'यू' खोबणीचे रोल, स्टीलऐवजी टेफ्लॉन लाइनर, शुद्ध आर्गॉन, आणि शक्यतो टॉर्चमध्येही मोटर असलेली पुश-पुल व्यवस्था. सुरुवातीला जॉब उष्णता शोषून घेतो, म्हणून पहिला अर्धा सेकंद जादा करंट लागतो. स्टीलवर वापरलेला लाइनर पुन्हा अॅल्युमिनियमला वापरू नका.

१७. रोबोटवर टिग लावलं तर एन्कोडरचे (रोबोटच्या मोटरची जागा मोजणाऱ्या सेन्सरचे) फॉल्ट येतात.

टिगचा आर्क पेटवायला वापरलेली हाय फ्रिक्वेन्सी सिग्नलच्या तारांमध्ये शिरते. आर्क लागायच्या क्षणीच फॉल्ट येत असेल तर निदान पक्कं समजा. रोबोट, कंट्रोलर आणि मशीन यांचं अर्थिंग एका बिंदूला आणा, टॉर्चची केबल एन्कोडर केबलपासून दूर न्या, आणि शक्य असेल तर लिफ्ट आर्क (टंगस्टन जॉबला टेकवून, उचलून आर्क लावणं) वापरा. टिगचा पॉवर सोर्स स्थिर करंटचा असतो, त्यामुळे प्रश्न २ मधलं करंट आणि स्टिकआउटचं नातं इथे लागू नाही. टॉर्चची उंची बदलली की इथे व्होल्टेज बदलतं, आणि उंची सांभाळणारी यंत्रणा तेच व्होल्टेज वाचते.

१८. जुना अॅनालॉग पॉवर सोर्स नव्या रोबोटला जोडता येतो का?

इंटरफेस कार्ड मिळालं तर येतो. मात्र जॉब नंबर निवडणं, मोटर करंट, तपशीलवार फॉल्ट कोड या गोष्टी मिळणार नाहीत आणि स्केलिंग हाताने जुळवावं लागेल. दोन गोष्टींवर तडजोड करू नका: आर्क डिटेक्टचा खरा सिग्नल हवा, आणि इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर किंवा सेलचं दार उघडल्यावर रोबोटबरोबर वेल्डिंगचं आउटपुटही तुटायला हवं. काही जुन्या जोडण्यांत रोबोट थांबतो आणि आर्क तिथेच जळत राहतो. जोडणी झाल्यावर भंगार प्लेटवर आर्क चालू असताना स्टॉप दाबून हे प्रत्यक्ष तपासा, मगच सेल उत्पादनाला द्या.